आधी सांगा, कंबर दुखते की पाय? मणक्याच्या ऑपरेशनचा निर्णय घेण्यापूर्वी

रुग्ण दवाखान्यात येतो, खुर्चीत बसण्याआधीच एमआरआयचं मोठं पाकीट माझ्या टेबलावर ठेवतो आणि विचारतो, "डॉक्टर, ऑपरेशन करावंच लागेल का?" शीळफाट्याच्या आसपास दवाखाना असल्यामुळे हा प्रश्न मला आठवड्यातून तीन-चार वेळा तरी ऐकावा लागतो. रिक्षावाले, ट्रकचालक, गोदामात माल उचलणारे, महापे-तळोज्याला नोकरीला जाणारे, डोंबिवलीहून लोकलला लटकून मुंबई गाठणारे अशा सगळ्यांची कंबर इथे भेटते.

मी पाकीट उघडत नाही. आधी विचारतो, "दुखतं नेमकं कुठे? कमरेत जास्त की पायात जास्त?"

अनेकांना हा प्रश्न विचित्र वाटतो. पण ऑपरेशनचा अर्धा निर्णय याच उत्तरात असतो. आज त्याबद्दलच बोलू. एक आधीच सांगतो. मी फॅमिली डॉक्टर आहे, मणक्याची ऑपरेशनं करत नाही. त्यामुळे तुम्ही ऑपरेशन केलं किंवा नाही केलं, माझा त्यात फायदा-तोटा काही नाही.

गादी सरकते म्हणजे काय होतं?

कमरेच्या दोन मणक्यांमध्ये एक चकती असते. तिलाच आपण गादी म्हणतो. ती बाहेरून चिवट आणि आतून मऊ असते. बाहेरचं आवरण फाटलं की आतला मऊ भाग बाहेर येतो आणि शेजारून पायाकडे जाणाऱ्या नसेवर दाबतो. मग कुल्ल्यापासून पोटरीपर्यंत, कधी अंगठ्यापर्यंत वीज चमकल्यासारखी कळ जाते. हीच सायटिका. गादी अशी फुटते आणि नस दाबते, हे मिक्स्टर आणि बार या दोन अमेरिकन डॉक्टरांनी १९३४ मध्ये मांडलं आणि या ऑपरेशनचं युग सुरू झालं.

आता मुद्दा लक्षात घ्या. गादीचं नेहमीचं ऑपरेशन म्हणजे नसेवर आलेला तुकडा काढून टाकणं. नस मोकळी झाली की पायाची कळ थांबते. कमरेतलं जुनं, रोजचं, बसून बसून येणारं दुखणं या ऑपरेशनने जाईलच असं नाही. ते स्नायूंचं, सांध्यांचं, झिजेचं, वजनाचं, कधी कधी झोपेचं आणि काळजीचंही असतं.

म्हणजे पाय कमरेपेक्षा जास्त दुखत असेल, कळ एका ठरावीक पट्ट्यात जात असेल आणि एमआरआयमध्ये त्याच बाजूची, तीच नस दबलेली दिसत असेल, तर ऑपरेशनचा उपयोग होण्याची शक्यता चांगली. नुसती कंबर दुखत असेल तर फार सावध राहा.

एमआरआयच्या कागदाला घाबरू नका

एमआरआयच्या रिपोर्टमध्ये इतके मोठे शब्द असतात की धडधाकट माणूससुद्धा वाचून आडवा पडेल. पण २०१५ मध्ये एक मोठा आढावा प्रसिद्ध झाला. त्यात कंबर न दुखणाऱ्या ३,११० लोकांच्या तपासण्या एकत्र पाहिल्या होत्या. विशीतल्या ३० टक्के लोकांची गादी फुगलेली होती आणि ऐंशीच्या घरात हे प्रमाण ८४ टक्के होतं. या लोकांना काहीही त्रास नव्हता.

केस पांढरे होतात, तशी गादीही म्हातारी होते. म्हणून ऑपरेशन माणसाचं करायचं असतं, फोटोचं नाही. इथे आम्हा डॉक्टरांचंही चुकतं. पहिल्याच भेटीत एमआरआय लिहून देणं आणि "गादी सरकली" म्हणून सोडून देणं ही सवय चांगली नाही. त्या दोन शब्दांनी माणूस चालायचा थांबतो, वाकायला घाबरतो आणि दुखणं आणखी मुक्काम करतं.

वाट पाहणं हासुद्धा उपचार आहे

फुटलेल्या गादीचा बाहेर आलेला भाग शरीर स्वतःच हळूहळू शोषून घेतं, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. म्हणूनच बहुतेकांचा पाय सहा ते बारा आठवड्यांत बराच सुधारतो.

वाट पाहणं म्हणजे अंथरुणात पडून राहणं नव्हे. फिनलंडमधल्या हेलसिंकी शहरात कंबर अचानक धरलेल्या कर्मचाऱ्यांवर एक अभ्यास झाला होता. तो १९९५ साली प्रसिद्ध झाला. काहींना दोन दिवस पूर्ण विश्रांती दिली, काहींना व्यायाम दिला आणि काहींना सांगितलं, झेपेल तेवढं रोजचं काम चालू ठेवा. सगळ्यात लवकर बरे झाले ते रोजचं काम चालू ठेवणारे. तेव्हा झेपेल तितकं चाला, डॉक्टरांनी दिलेल्या वेदनाशामक गोळ्या ठरलेले दिवसच घ्या आणि फिजिओथेरपिस्टकडून व्यायाम शिकून घ्या. मेडिकलमधून परस्पर गोळ्या आणून महिनोन्महिने खाऊ नका. कंबर राहील बाजूला आणि किडनी किंवा जठर दगा देईल.

मग लवकर ऑपरेशन करणाऱ्यांना काय मिळतं? नेदरलँड्समध्ये सहा ते बारा आठवडे तीव्र सायटिका असलेल्या २८३ रुग्णांचा अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. एका गटाचं लवकर ऑपरेशन करायचं ठरलं. दुसऱ्या गटाने थांबायचं आणि गरज पडली तरच करायचं. लवकर ऑपरेशन झालेल्यांचा पाय लवकर मोकळा झाला. पण एका वर्षानंतर दोन्ही गटांत ९५ टक्के लोक म्हणाले, आम्ही बरे झालो. थांबलेल्या गटातल्या ३९ टक्के लोकांना मात्र वर्षभरात ऑपरेशन करावंच लागलं.

माझ्या मते प्रत्येक रुग्णाला हा अभ्यास सोप्या भाषेत सांगायला हवा. कारण त्याचा अर्थ असा होतो की लाल दिवा नसेल (तो काय ते पुढे सांगतो), तर "ऑपरेशन लागेल का?" हा प्रश्नच थोडा चुकीचा आहे. खरा प्रश्न आहे, "हे दुखणं मी आणखी किती दिवस सोसू शकतो आणि तेवढ्या दिवसांत माझं काय काय बुडेल?"

एकसारखा एमआरआय असलेले दोघे घ्या. एक बँकेत आहे. त्याची रजा शिल्लक आहे, घरून थोडं काम होतं. तो तीन महिने थांबू शकतो. दुसरा रिक्षा चालवतो. दिवसाची कमाई दिवसाला, रिक्षाचा हप्ता महिन्याला. त्याला दहा मिनिटं बसवत नाही. सहा-आठ आठवडे नीट उपचार करूनही पाय हटत नसेल, तर त्याने ऑपरेशन निवडणं यात घाई काही नाही. दोघांचाही निर्णय बरोबर असू शकतो. निर्णय डॉक्टरने एकट्याने घ्यायचा नाही आणि मेहुण्याच्या मित्राला काय अनुभव आला त्यावरही घ्यायचा नाही. तो तुमचा आहे.

लाल दिवा: इथे एक दिवसही थांबू नका

आता वरचं सगळं ज्यांना लागू नाही, त्यांच्याबद्दल. खालीलपैकी काहीही असेल तर त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात जा. रात्र असली तरी.

- लघवी अडकणं, लघवी झाल्याचं न कळणं, नकळत होणं. शौचावरचा ताबा जाणं
- जिथे आपण सायकलच्या सीटवर टेकतो त्या भागात, म्हणजे गुप्तांग आणि गुदद्वाराभोवती बधिरपणा
- दोन्ही पायांत कळ आणि कमजोरी
- पाऊल लुळं पडणं, चप्पल पायातून निसटणं, टाचेवर किंवा चवड्यावर चालता न येणं

यातल्या पहिल्या तीन लक्षणांत कमरेतल्या सगळ्या नसांचा जुडगा दबलेला असू शकतो. तिथे तासांचा हिशोब असतो. उशीर झाला तर ऑपरेशन उत्तम होऊनही लघवीचा ताबा पूर्ण परत येईलच याची खात्री नसते.

हे लिहिताना मला माझी एक चूक सांगायला हवी. काही वर्षांपूर्वी एका ताईंनी फोन केला होता. पाय खूप दुखतो, मुंग्या येतात म्हणाल्या. मी पायाबद्दल सगळं विचारलं, गोळ्या सांगितल्या, आराम पडेल म्हटलं. लघवीबद्दल विचारलं नाही. त्यांनी लाजेने सांगितलं नाही. मधल्या काळात कुणीतरी कंबर चोळूनही दिली. चार दिवसांनी त्या आल्या तेव्हा पोट फुगलेलं होतं आणि लघवी थेंब थेंब होत होती. त्याच रात्री त्यांना मुंबईला हलवलं, ऑपरेशन झालं. आज त्या चालतात, घर सांभाळतात. पण लघवीचा त्रास पूर्ण गेलेला नाही. तेव्हापासून पाय दुखतो म्हणणाऱ्या प्रत्येकाला, मग ते आजोबा असोत की नवी नवरी, मी लघवी-शौचाचं विचारतोच. डॉक्टर विसरला तर तुम्ही आपणहून सांगा. यात लाजण्यासारखं काही नाही.

आणखी एक गोष्ट. संध्याकाळी बारीक ताप, वजन घटणं, रात्री झोपेतून उठवणारं दुखणं असेल तर मणक्याचा टीबी आहे का, हे पाहावं लागतं. आपल्याकडे तो अजून आहे. वेळेत सापडला तर बहुतेक वेळा औषधांनीच बरा होतो. ताप, अपघात किंवा पूर्वी कॅन्सर झालेला असेल तर कंबरदुखी अंगावर काढू नका.

"स्क्रू टाकायचे" म्हणाले तर?

सगळी ऑपरेशनं एकसारखी नसतात. गादीचा तुकडा काढण्याचं ऑपरेशन लहान असतं. दोन-तीन सेंटिमीटरची चीर किंवा दुर्बीण, आणि एक-दोन दिवसांत घरी. उतारवयात नसांची वाट अरुंद होते. थोडं चाललं की पाय भरून येतात, बसलं किंवा पुढे वाकलं की बरं वाटतं. त्यासाठी ती वाट मोकळी करण्याचं ऑपरेशन असतं.

मणके स्क्रू-पट्ट्यांनी जोडणं हे मात्र मोठं काम आहे. मणका खरोखर घसरत असेल, मोडला असेल, जंतुसंसर्गाने किंवा गाठीने खाल्ला असेल तर त्याची गरज पडते. पण नुसत्या जुन्या कंबरदुखीसाठी स्क्रू सुचवले असतील तर दुसरं मत घेतल्याशिवाय सही करू नका. ब्रिटनमध्ये जुनी कंबरदुखी असलेल्या ३४९ रुग्णांवर अभ्यास झाला आणि २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. काहींचे मणके जोडले, काहींना व्यायाम आणि समुपदेशनाचा नेटाने कार्यक्रम दिला. दोन वर्षांनी मणके जोडलेले ठळकपणे पुढे आहेत, असं काही दिसलं नाही.

दुसरं मत मागितलं तर डॉक्टर रागावतील, अशी भीती लोकांना वाटते. चांगला सर्जन रागावत नाही. त्याला हे पाच प्रश्न विचारा आणि उत्तरं लिहून घ्या:

१. माझी कोणती नस दबली आहे आणि माझं दुखणं तिच्याशी जुळतं का?
२. ऑपरेशनने पाय बरा होईल की कंबर?
३. आणखी सहा आठवडे थांबलो तर धोका काय?
४. स्क्रू टाकणार का? टाकणार असाल तर का?
५. मी माझं रोजचं काम कधीपासून करू शकेन?

शेवटच्या प्रश्नात "रोजचं काम" म्हणजे काय, ते नीट सांगा. "नोकरी करतो" एवढं पुरेसं नाही. खर्चाचंही आधीच बोला. तुमच्या ऑपरेशनसाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना लागू आहे का, हे त्या रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला आधी विचारा. दागिना मोडल्यावर कळून उपयोग नसतो.

श्रेयस अय्यरकडून काय शिकायचं?

"एकदा मणक्याला हात लावला की माणूस कायमचा कामातून जातो" हे वाक्य आपल्याकडे घराघरांत आहे. त्यावर मी मुंबईच्याच खेळाडूचं उदाहरण देतो. श्रेयस अय्यरच्या कमरेचं ऑपरेशन एप्रिल २०२३ मध्ये लंडनला झालं. सप्टेंबरमध्ये तो आशिया चषकात परत खेळला आणि १५ नोव्हेंबर २०२३ ला वानखेडेवर विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात ७० चेंडूंत १०५ धावा काढल्या. म्हणजे माणूस कामातून जात नाही.

पण गोष्ट तिथे संपत नाही. त्याच आशिया चषकात कंबर आखडल्यामुळे त्याला सामन्याला मुकावं लागलं होतं. आणि २०२५ मध्ये, लांब पल्ल्याचे सामने खेळताना कंबर पुन्हा आखडते म्हणून, त्याने सहा महिने तसे सामने न खेळण्याचा निर्णय घेतला. म्हणजे ऑपरेशनने नवीन कंबर मिळत नाही. जुनीच कंबर दुरुस्त होऊन मिळते आणि ती जन्मभर सांभाळावी लागते. त्याने खेळ सोडला नाही, खेळाचा भार कमी केला. आपल्यालाही तेच करायचं आहे. फरक एवढाच, की त्याच्या दिमतीला संघाचा फिजिओ होता आणि आपल्या वाट्याला शीळफाटा आहे!

ऑपरेशननंतरचे तीन महिने

हे गादीच्या साध्या ऑपरेशनबद्दल आहे. तुमच्या सर्जनने वेगळं सांगितलं असेल तर त्यांचं ऐका.

*पहिले दोन आठवडे:* त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी चालायला लावतात, घाबरू नका. घरात दिवसातून पाच-सहा वेळा पाच-दहा मिनिटं चाला. एका वेळी अर्ध्या तासापेक्षा जास्त बसू नका. इमारतीला लिफ्ट नसेल तर कठडा धरून सावकाश जिना चढता येतो, पण दिवसातून एकदाच. उकिडवं बसणं, जमिनीवर मांडी घालणं टाळा. घरी भारतीय पद्धतीचा संडास असेल तर कमोडची खुर्ची ऑपरेशनच्या आधी आणून ठेवा. जखम कोरडी ठेवा.

*दोन ते सहा आठवडे:* चालणं वाढवत अर्ध्या तासावर न्या. दोन-तीन किलोंपेक्षा जास्त वजन नको. पाण्याची बादली, गॅसचा सिलिंडर, तांदळाची गोणी, कडेवर नातू, काहीच नको. वाकून केर काढणं, फरशी पुसणं नको. घरातल्या पुरुषांना माझं स्पष्ट सांगणं आहे, बाईचं ऑपरेशन झालं असेल तर हे सहा आठवडे घरकाम तुम्ही करायचं. "बसल्या बसल्या थोड्या पोळ्या लाटते" याला विश्रांती म्हणत नाहीत.

*सहा ते बारा आठवडे:* पोटाचे आणि पाठीचे स्नायू बळकट करणारे व्यायाम फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली. बैठं काम बहुतेकांना दोन ते सहा आठवड्यांत जमतं. ओझ्याच्या कामाला साधारण तीन महिने लागतात.

दुखणं आधी जातं, ताकद नंतर येते आणि बधिरपणा सगळ्यात शेवटी, कधी कधी कित्येक महिन्यांनी जातो. पावलाला अजून मुंग्या येतात म्हणून ऑपरेशन फसलं असं समजू नका. तंबाखू, मिश्री, सिगारेट बंद. साखर असेल तर ती आटोक्यात. पट्टा सांगितला तेवढेच दिवस वापरा, वर्षानुवर्षं बांधला तर स्नायू आळशी होतात.

ताप, जखमेतून पू किंवा पाण्यासारखा स्राव, उठून बसलं की फुटेल असं डोकं दुखणं, पोटरी सुजणं, नवी कमजोरी किंवा लघवीचा त्रास झाला तर लगेच दाखवा. गादी पुन्हा त्याच जागी फुटू शकते. शंभरात साधारण पाच ते दहा जणांना असं होतं. हे आधीच माहीत असलेलं बरं.

आणि प्रवासाचं काय?

डिस्चार्ज कार्डवर "जास्त प्रवास टाळा" असं एका ओळीत लिहिलेलं असतं. आमच्या भागात त्या ओळीचा काही अर्थ होत नाही. कल्याण, मुंब्रा, महापे आणि पनवेल या चारही बाजूंची वाहनं शीळफाट्यावर एकत्र येतात. त्यात कंटेनर आणि ट्रक, त्यात मेट्रोचं काम, त्यात पावसाळ्यातले खड्डे. नुकतीच नस मोकळी झालेल्या माणसाने इथे दीड तास रिक्षात हादरे खात बसणं म्हणजे केलेल्या कामावर पाणी ओतणं आहे.

म्हणून ऑपरेशनची तारीख ठरवताना प्रवासाचाही बेत ठरवा. शक्य असेल तर ऐन पावसाळ्यात नोकरीवर परतण्याची वेळ आणू नका. साहेबांशी आधीच बोला, पहिले काही आठवडे घरून काम किंवा गर्दी टाळून उशिराची वेळ मागा. फिटनेस सर्टिफिकेटवर डॉक्टरांकडून "हलकं काम, वजन उचलणं नाही, दर अर्ध्या तासाने उठण्याची मुभा" असं स्पष्ट लिहून घ्या. सहा आठवडे बाइक नको. बसमध्ये सगळ्यात मागची सीट नको, तिथे धक्का जास्त लागतो. लोकलने जायचं तर दुपारच्या मोकळ्या गाडीने. वाहतूक अडकली आणि सुरक्षित जागा असेल तर खाली उतरून पाच मिनिटं उभे राहा. लोक बघतील, बघू द्या.

मालकांना आणि कंत्राटदारांनाही एक सांगणं आहे. गोदामात गोण्या उचलून ज्याची गादी फुटली, त्याला ऑपरेशननंतर पंधराव्या दिवशी "उद्यापासून ये, नाहीतर दुसरा बघतो" म्हणू नका. सर्जनचं चांगलं काम असल्या एका वाक्याने वाया जाताना मी पाहिलं आहे.

थोडक्यात, पाय दुखतो की कंबर ते ओळखा. लाल दिवा नसेल तर सहा ते बारा आठवडे हालचाल चालू ठेवून वाट पाहा. पाय हटत नसेल तर ऑपरेशनला घाबरू नका. लाल दिवा असेल तर घड्याळ बघू नका, निघा. आणि ऑपरेशन केलंच, तर पुढचे तीन महिने ऑपरेशनइतकेच गांभीर्याने घ्या.

पुढच्या वेळी दवाखान्यात आलात की एमआरआयचं पाकीट जरूर आणा. पण आधी खुर्चीत बसा आणि दुखतं कुठे, ते सांगा.